निळा रंग आणि जन्मठेप

रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत तीन रकाने असतात : कृती, निरीक्षण आणि अनुमान. द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, ही कृती. पांढरा अवक्षेप आला, हे निरीक्षण. क्लोराइड असावे, हे अनुमान. पुढे निश्चितीची कसोटी करायची आणि मगच ‘असावे’ खोडून ‘आहे’ लिहायचे. पुष्कळ मुलांना ‘असावे’ आणि ‘आहे’ यांतला हा फरक निव्वळ शिस्तीचा वाटतो. गुण कापले जाऊ नयेत म्हणून ती तो पाळतात, आणि परीक्षा संपली की विसरतात.

‘असावे’च्या जागी ‘आहे’ लिहिले गेल्यामुळे एका आईला जन्मठेप झाली, अशी एक घटना विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. ती घडली ऑस्ट्रेलियात, आणि तिचा शेवटचा कागद लिहिला जायला बत्तीस वर्षे लागली. निरपराध माणसाला शिक्षा होते म्हणजे नेमके काय होते, याबद्दल आपल्या विद्यार्थ्यांना फारसे काही सांगितले जात नाही. लाचखोर पोलीस आणि खोटे साक्षीदार सिनेमात पाहून मुलांना ठाऊक असतात. प्रामाणिक माणसे, सरकारी प्रयोगशाळा आणि सर्वमान्य रासायनिक चाचण्या यांच्याकडूनही असे घडू शकते, हे मात्र त्यांना सांगावे लागते. ते सांगण्याची जागा नागरिकशास्त्राइतकीच विज्ञानाच्या तासातही आहे.

उलुरूच्या पायथ्याशी

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, वाळवंटात, तांबूस वालुकाश्माचा एक प्रचंड डोंगर एकटाच उभा आहे. तिथले मूळ रहिवासी त्याला उलुरू म्हणतात. गोऱ्या लोकांनी त्याचे नाव एअर्स रॉक असे ठेवले होते. १७ ऑगस्ट १९८० या रविवारी, त्याच्या पायथ्याशी असलेल्या तळावर चेंबरलेन कुटुंब तंबू ठोकून उतरले होते. मायकेल चेंबरलेन हे क्वीन्सलँडमधल्या माउंट आयसा या खाणींच्या गावात सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे पाद्री होते. सोबत पत्नी लिंडी, दोन लहान मुलगे आणि साडेनऊ आठवड्यांची मुलगी अझारिया.

रात्री आठच्या सुमारास लिंडीने बाळाला तंबूत निजवले आणि ती इतर प्रवाशांबरोबर शेगडीपाशी येऊन बसली. थोड्या वेळाने बाळाच्या रडण्याचा आवाज आला. ती तंबूकडे निघाली तेव्हा तिला तंबूतून एक डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, बाहेर पडताना दिसला. तंबूत बाळ नव्हते. डिंगोने माझे बाळ नेले, असे ती ओरडली. त्या रात्री सुमारे तीनशे माणसांनी बॅटऱ्या घेऊन माळ पालथा घातला. बाळ सापडले नाही. माग काढण्यात तरबेज असलेल्या आदिवासींना तंबूजवळ डिंगोचे ठसे दिसले. ठशांवरून त्यांनी सांगितले, की हे जनावर काहीतरी वाहून नेत होते.

आठवड्याने सुमारे चार किलोमीटरवर बाळाचे कपडे मिळाले. अंगातला झबल्यासारखा एकसंध पोशाख होता, त्यावर रक्त होते आणि तो काही ठिकाणी फाटला होता. लिंडी म्हणाली, त्यावर बाळाने एक छोटे विणलेले जाकीटही घातले होते. ते मात्र मिळाले नाही. हे जाकीट लक्षात ठेवू या.

अशा मृत्यूची चौकशी तिथे कॉरोनर करतो. मुंबईतही पूर्वी हे पद होते. कॉरोनर डेनिस बॅरिट यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये निष्कर्ष दिला, की बाळ डिंगोने नेले, आईवडिलांचा त्यात काही दोष नाही. लोकांत चाललेली कुजबूज थांबावी म्हणून त्यांनी तो दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपित होऊ दिला.

लोकांचा निकाल

कुजबूज थांबली नाही. डिंगो माणसाचे मूल उचलत नाही, असे शहरांतले लोक म्हणत होते. वस्तुतः त्याच वर्षी जून महिन्यात याच परिसरात एका डिंगोने एका लहान मुलीला मोटारीतून ओढले होते, आणि उद्यानाच्या मुख्य रेंजरने डिंगो फार धीट झाल्याचा इशारा वरिष्ठांना आधीच दिला होता. पण लोक दूरदर्शन पाहत होते, आणि तिथे लिंडी रडत नव्हती. घडले ते ती शांतपणे, तपशीलवार सांगत होती. आई अशी असते का, असा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. या पंथाची फारशी कोणाला माहिती नव्हती, म्हणून तिथे नरबळी देतात अशी अफवा उठली. ‘अझारिया’ या नावाचा अर्थ ‘रानातला बळी’ असा आहे, असेही कोणीतरी पसरवले. खरे तर हे बायबलातले जुने हिब्रू नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘देवाने साहाय्य केले’ असा होतो. हा अर्थ शब्दकोशात पाहता आला असता. फार थोड्यांनी तो पाहिला.

अफवेने कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो देण्याचे काम विज्ञानाकडे आले.

पुराव्यांचा ढीग

बाळाचे कपडे लंडनला जेम्स कॅमेरॉन या न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकांकडे पाठवण्यात आले. अतिनील प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत त्यांना पोशाखावर रक्ताने माखलेल्या हाताचा ठसा दिसला. त्यांच्या मते बाळाचा गळा धारदार वस्तूने चिरला गेला होता. १९८१ च्या सप्टेंबरात तपास पुन्हा सुरू झाला. घटनेला वर्ष उलटून गेले होते. चेंबरलेन कुटुंबाची पिवळी होल्डन टोराना मोटार ताब्यात घेऊन सुटी करण्यात आली, आणि तिच्या कानाकोपऱ्यांतून नमुने घेण्यात आले.

सरकारी प्रयोगशाळेत या नमुन्यांवर आधी ऑर्थो-टोलिडीन चाचणी झाली. डागावरून ओला कागद फिरवायचा, त्यावर ऑर्थो-टोलिडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचे. रक्त असेल तर गडद निळसर रंग येतो. मोटारीत ठिकठिकाणी निळा रंग आला. पुढील भागाखाली एका पत्र्यावर तर बारीक तुषार उडाल्यासारखा डाग मिळाला. गळा चिरल्यावर रक्त असेच उडते, असे सांगण्यात आले. मग दुसरी चाचणी झाली. तिच्यात गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन ओळखणारा अँटिसीरम वापरला होता. तिचाही निकाल होकारार्थी आला. म्हणजे रक्त आहे, आणि ते तान्ह्या बाळाचे आहे.

पोशाखाच्या फाटण्याबद्दल वस्त्रतज्ज्ञाने सांगितले, की कापडाच्या कडा सरळ कापलेल्या आहेत, त्यातून धाग्यांचे छोटे पुंजके सुटलेले आहेत आणि जनावराच्या दातांनी असे होत नाही, कात्रीने होते. मोटारीत कात्री होतीच.

सप्टेंबर १९८२ मध्ये डार्विन शहरात खटला सुरू झाला. सरकार पक्षाची कथा अशी : शेगडीपासून दूर असलेल्या त्या पाच-दहा मिनिटांत लिंडीने बाळाला मोटारीत नेले, पुढच्या आसनावर बसून कात्रीने मारले आणि देह कॅमेऱ्याच्या पिशवीत लपवला. देह मिळालेला नव्हता. हेतू काय, हे सरकार पक्षाने सांगितले नाही. तळावरच्या प्रवाशांनी तर तिच्या बाजूने साक्ष दिली. पण ज्युरीच्या बारा नागरिकांपुढे एका पारड्यात प्रवाशांच्या आठवणी होत्या आणि दुसऱ्यात प्रयोगशाळेचे अहवाल. उलुरूच्या माग काढणाऱ्या आदिवासींना खटल्यात साक्षीला बोलावलेही नव्हते. २९ ऑक्टोबर १९८२ रोजी लिंडी दोषी ठरली आणि तिला सक्तमजुरीसह जन्मठेप झाली. मायकेल यांना गुन्हा लपवल्याबद्दल शिक्षा झाली. ती तहकूब ठेवण्यात आली.

लिंडी तेव्हा गरोदर होती. पुढच्याच महिन्यात तुरुंगवासात असताना तिला मुलगी झाली, आणि ती लगेच तिच्यापासून दूर नेण्यात आली. अपील चालू असताना काही महिने जामीन मिळाला. एप्रिल १९८३ मध्ये अपील फेटाळले गेले आणि ती पुन्हा तुरुंगात गेली. फेब्रुवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानेही तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम ठेवली.

निळा रंग कशाने येतो?

आता चाचण्यांकडे पुन्हा एकदा पाहू. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ‘हीम’ हा लोहयुक्त गट असतो. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन ऑर्थो-टोलिडीनला पोहोचवण्याचे काम तो उत्प्रेरकासारखे करतो, आणि ऑक्सिडीकरण झालेले टोलिडीन निळे दिसते. ही चाचणी अतिशय संवेदनशील आहे. रक्ताचा अल्पसा अंशही तिला पुरतो. पण चाचणी पाहते ते रक्त नव्हे, ऑक्सिडीकरण. ते घडवून आणणारे दुसरे काहीही तिथे असले, तरी रंग निळाच येतो. बटाटा, मुळा अशा वनस्पतींतली पेरॉक्सिडेज विकरे हे करतात. काही रंगनाशके करतात. आणि तांब्याची संयुगेही करतात.

चेंबरलेन कुटुंब माउंट आयसाला राहत होते, हे आपण पाहिले. ते गाव तांब्याच्या खाणींचे आणि तांबे गाळण्याच्या भट्टीचे. तिथल्या धुळीत तांब्याची संयुगे असतात, आणि त्या गावातल्या मोटारींत ती धूळ बसते. म्हणजे निळ्या रंगाचे एक साधे, घरगुती कारण मोटारीच्या पत्त्यातच लिहिलेले होते.

म्हणूनच ही प्राथमिक चाचणी आहे. रंग आला नाही, तर तिथे शोधण्याजोगे रक्त बहुधा नाही, असे म्हणून तो डाग बाजूला ठेवता येतो. रंग आला, तर पुढे तपासायचे. तिचा खरा उपयोग नकार देण्यासाठी आहे. तिच्या होकाराचा अर्थ ‘असू शकेल’ इतकाच.

पण दुसरी चाचणी तर निश्चितीची होती ना? तिची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. प्रौढाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन गॅमा. अल्फा साखळ्या दोहोंत सारख्याच. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाची जागा बीटा घेतात. बाळाच्या हिमोग्लोबिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, तर त्यांतली काही गॅमा साखळी ओळखतात आणि काही अल्फाही. अल्फा ओळखणारी प्रतिपिंडे काळजीपूर्वक काढून टाकली नाहीत, तर तो अँटिसीरम प्रौढाच्या रक्तालाही ‘हो’ म्हणतो. बॅरी बोएचर या रोगप्रतिकारशास्त्राच्या प्राध्यापकांनी बचाव पक्षातर्फे खटल्यातच हे सांगितले होते. ज्युरीने प्रयोगशाळेवर विश्वास ठेवला. बोएचर स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी जर्मनीतल्या उत्पादक कंपनीपर्यंत पाठपुरावा केला. केवळ या अँटिसीरमच्या आधारे रक्त तान्ह्या बाळाचेच आहे असे ठरवता येणार नाही, हे कंपनीनेही मान्य केले.

मग मूळ चाचणीच्या पट्ट्या पुन्हा तपासाव्यात? त्या शिल्लक नव्हत्या. काम झाल्यावर त्या टाकून द्यायच्या, अशी प्रयोगशाळेची तेव्हाची पद्धत होती. राहिला होता फक्त कागदावरचा निष्कर्ष. निरीक्षणाचा रकाना पुसला गेला होता आणि अनुमानाचा तेवढा उरला होता.

आणि तो पत्र्यावरचा रक्ताचा तुषार? मोटारीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यात एक डांबरी लेप फवारतात. त्याचे शिंतोडे आत गेले होते. त्याच प्रकारच्या इतर मोटारींतही तसेच डाग सापडले. त्या मोटारींत कोणाचाही खून झालेला नव्हता. ही तुलना आपण विज्ञानात ‘नियंत्रण’ म्हणतो. ती शाळेतल्या बीज अंकुरण्याच्या प्रयोगातही असते : एका कुंडीला पाणी, दुसरीला नाही. पहिल्या तपासात दुसरी कुंडी ठेवायची राहून गेली होती. जे या संशोधनासाठी झटले, त्यांत सरकारी नोकरीबाहेरचे, स्वतःचा वेळ खर्चून काम करणारे रसायनतज्ज्ञ होते, हे इथे आवर्जून सांगायला हवे. त्यांनीच दाखवले, की कुत्र्याचे दाढांसारखे धारदार दात कापड कात्रीसारखे कापतात, आणि धाग्यांचे पुंजकेही सुटतात.

जाकीट

हे सर्व तुरुंगाबाहेर चालले होते. पण दार उघडले ते अपघाताने. १९८६ च्या जानेवारीच्या अखेरीस एक पर्यटक उलुरूवरून पडून मरण पावला. त्याचा शोध घेताना २ फेब्रुवारीला, डिंगोंच्या गुहांचा वावर असलेल्या भागात, मातीत अर्धवट पुरलेले एक लहानसे जाकीट मिळाले. अझारियाचे. लिंडी पाच वर्षे ज्याबद्दल सांगत होती तेच. असे जाकीट नव्हतेच, ती खोटे बोलते आहे, असे सरकार पक्षाने ठासून सांगितले होते. पोशाखावर डिंगोची लाळ का नाही, या प्रश्नाचेही उत्तर त्यात होते : वर जाकीट होते. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी लिंडीला सोडण्यात आले.

मग न्यायमूर्ती मॉर्लिंग यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याने एकेक पुरावा पुन्हा तपासला. मोटारीत अझारियाचे रक्त होते हे सिद्ध होत नाही. पोशाखावरचा ‘रक्ताळलेला ठसा’ बऱ्याच अंशी वाळवंटातल्या लाल मातीचा. आदिवासींनी काढलेला माग विश्वसनीय. १९८७ च्या अहवालात आयोगाने म्हटले, की हा सगळा पुरावा खटल्याच्या वेळी पुढे आला असता, तर न्यायाधीशांना ज्युरीला निर्दोष सोडण्याचाच आदेश द्यावा लागला असता. त्यानंतर सरकारने चेंबरलेन पतिपत्नींना ‘माफी’ दिली. जे केलेच नाही त्याची माफी! तेव्हा पुन्हा न्यायालयात जावे लागले आणि १५ सप्टेंबर १९८८ रोजी शिक्षा रद्द झाल्या. भरपाई १९९२ मध्ये मिळाली. मृत्यूच्या नोंदीतले कारण मात्र अनिश्चितच राहिले. १२ जून २०१२ रोजी, चौथ्या चौकशीनंतर, कॉरोनर एलिझाबेथ मॉरिस यांनी मृत्यू डिंगोमुळे झाल्याचे नोंदवले आणि आईवडिलांबद्दल सहानुभूती व्यक्त केली. अझारिया हयात असती, तर आदल्याच दिवशी तिने बत्तीस वर्षे पूर्ण केली असती.

थोडे गणित

या प्रकरणातले तज्ज्ञ खोटारडे होते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. त्यांनी निळा रंग पाहिला, हे खरेच होते. गफलत त्यापुढच्या पायरीवर झाली. ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडून पाहा.

समजा, एका मोटारीतले १००० डाग तपासायचे आहेत आणि त्यांतले १० खरोखर रक्ताचे आहेत. चाचणी रक्ताचा एकही डाग सोडत नाही. उरलेल्या ९९० डागांपैकी शंभरात दोन ती चुकून निळे दाखवते, म्हणजे सुमारे २०. एकूण निळे डाग ३०, रक्ताचे १०. तीन निळ्यांपैकी एकच रक्ताचा. आता तीच मोटार तांब्याच्या धुळीच्या गावात ठेवा आणि शंभरात दोनऐवजी शंभरात वीस डाग चुकून निळे होतात असे समजा. ९९० चे २० टक्के म्हणजे १९८. एकूण निळे २०८, रक्ताचे तेच १०. चाचणी तीच, रसायने तीच, करणारा हातही तोच. पण ‘निळा’ या शब्दाचा अर्थ गाव बदलल्याबरोबर बदलला.

रक्त असेल तर निळा रंग येतो, या वाक्यातून निळा रंग आला म्हणून रक्त आहे, असे वाक्य निघत नाही. आपल्याकडच्या प्राचीन तर्कपरंपरेत यावर बारकाईने विचार झालेला आहे. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. उलट दिशेने केलेल्या अशा अनुमानाला तिथे दोष मानले आहे. त्या दर्शनाचे नाव ‘न्याय’ आहे, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

आपल्या जवळचे

दूर देशातली, रानकुत्र्याची ही गोष्ट ऐकून मुले म्हणतील, आमच्याकडे असे कुठे होते? होते. महाराष्ट्रात २००३ साली घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातींतल्या सहा जणांना दोषी ठरवण्यात आले होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने आपला आधीचा निर्णय फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले. गुन्ह्यानंतर लगेचच, पोलिसांकडची छायाचित्रे पाहून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्या चौघांविरुद्ध पुढे काहीच झाले नव्हते, ही बाब न्यायालयाने गंभीरपणे नोंदवली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची ती किंमत.

इथे प्रश्न रसायनाचा नव्हता, माणसाच्या ओळखण्याचा होता. तरीही दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. लिंडीचा पंथ लोकांना परका होता. भटक्या जमातींना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, आणि तो शिक्का कायदा रद्द झाल्यावरही मनातून गेलेला नाही. ज्याच्याबद्दल मनात आधीच संशय असतो, त्याच्याविरुद्धचा अर्धवट पुरावाही आपल्याला पुरेसा वाटू लागतो. दुसरी कुंडी ठेवण्याची गरजच भासत नाही. आणि चुकीच्या माणसाला शिक्षा झाली, की खरा गुन्हेगार शोधण्याचे कामही थांबते. त्यात गुन्ह्याला बळी पडलेल्या कुटुंबावरही दुसऱ्यांदा अन्याय होतो.

वर्गात काय करता येईल?

ऑर्थो-टोलिडीन शाळेत वापरू नये. ते कर्करोगकारक समजले जाते आणि म्हणूनच पुष्कळ प्रयोगशाळांतून ते हद्दपार झाले. आपल्याकडे त्याहून सोपे साधन आहे : हळद.

गाळणकागदाला हळदीचे दाट पाणी लावून तो वाळवा आणि पट्ट्या कापा. मुलांना गोष्ट सांगा, की कोणीतरी साबण चोरला आहे. साबणाचे पाणी हळदीच्या पट्टीवर टाकून ती लाल होते, हे दाखवा. मग चार बशांत चार ‘संशयितांच्या’ हातांचे धुवण म्हणून चार द्रावणे ठेवा : साबणाचे पाणी, धुण्याच्या सोड्याचे पाणी, चुन्याची निवळी आणि साधे पाणी. चुन्याची निवळी आणि सोड्याचे पाणी शिक्षकांनीच हाताळावे. तीन पट्ट्या लाल होतील. आता चोर कोण ते मुलांना ठरवू द्या. बहुतेक गट तिघांनाही पकडतील. एखादा गट ज्याच्याबद्दल आधीच काही ऐकले आहे त्यालाच पकडेल. त्यासाठी एका ‘संशयिताबद्दल’ आधीच एखादी अफवा सोडून ठेवता येते. ती कोणत्या बशीची होती आणि तिचा किती गटांवर परिणाम झाला, याची नोंद ठेवा.

त्यानंतर चेंबरलेन प्रकरणातले पाच पुरावे फळ्यावर लिहा : निळा रंग, अँटिसीरम, पत्र्यावरचे शिंतोडे, पोशाखावरचा ठसा, कापडाच्या कडा. प्रत्येकापुढे मुलांनी तीन गोष्टी लिहायच्या. काय दिसले? त्यावरून काय म्हटले गेले? आणि असेच आणखी कशाने दिसले असते? आठवी-नववीच्या मुलांना हा तिसरा प्रश्न सुरुवातीला जड जातो, कारण आपण त्यांना एका प्रश्नाला एकच उत्तर असते असे शिकवत आलेलो असतो. थोडा धीर धरला तर उत्तरे येतात, आणि कधी कधी आपल्याला न सुचलेलीही येतात.

हा प्रश्न विज्ञानाविषयी अविश्वास निर्माण करण्यासाठी नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे लागेल. लिंडीला तुरुंगात धाडणारा अहवाल प्रयोगशाळेतला होता, तसे तिला निर्दोष ठरवणारे कामही रसायनशास्त्राचे आणि रोगप्रतिकारशास्त्राचेच होते. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी कोणीतरी इतर मोटारी उघडून पाहिल्या, प्रौढाचे रक्त त्याच अँटिसीरमने तपासले, आणि माउंट आयसाची धूळ विचारात घेतली.

आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीत ‘अनुमान’ या रकान्यापुढे थोडी जागा मोकळी सोडता येईल. तिथे मुलांनी प्रत्येक प्रयोगानंतर एक ओळ लिहावी : हेच निरीक्षण आणखी कशामुळे आले असते, आणि ते कसे तपासता येईल? वर्षभर हे केल्यावर मुले वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी कशी वाचतात, ते पाहावे आणि आम्हालाही जरूर कळवावे.